सामाईक भिंत

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे,
एका छपराखाली दोन घरं आहेत.
दोन फाटकं, दोन व्हरांडे,
आरशात बघून बांधल्यासारखे:
याचं दार डावीकडं, त्याचं उजवीकडं.
मधे चौदा इंची भिंत.
नकाशावर ती नुसती एक रेघ.

मी मोजणीदार. निवृत्त.
कुणी बोलावलं तर अजून जातो, टेप घेऊन, चहावर.
यरगट्टींची बाजू विकली गेलीय.
घेणाऱ्याला मधली रेघ हवीय, इंचासकट.
पाडायचंय त्याला. त्याचं अर्धं.

वारसा यादीत घालू म्हणून मागं कुणी तरी येऊन
फोटो काढून गेलं होतं:
मंगळूरी कौलांचे, लाकडी झालरीचे,
दारांवरच्या अर्धगोल रंगीत काचांचे.
भिंतीचा फोटो कोण काढणार.
तिला बाहेरची बाजूच नाही.

(आमच्या गावात भिंत म्हटलं की लोक
लगेच ती दुसरी रेघ काढतात,
मोर्च्यांची, पाट्यांना डांबर फासण्याची.
राहू दे. ही भिंत आहे.
वीट, चुना, गूळ, बेलफळाचा गर.)

पुढची खोली बरोबर. मधली बरोबर.
स्वयंपाकघरात टेप चार इंच खोटं बोलली.
परत लावली. परत चार इंच,
भिंत यरगट्टींच्या बाजूला सरकलेली.
प्रमिला हंगिरगेकर भाकरी थापत होत्या,
पिठाचे हात वर धरून म्हणाल्या,
'ते होय. ते गंगव्वांचे चार इंच.'

घर उठत होतं तेव्हाची गोष्ट.
इकडची चूल भिंतीला बसेना, धूर उलटा फिरायचा.
गंगव्वांनी पलीकडून गवंड्याला सांगितलं,
आमच्यातलं घे.
आणि आड होता हंगिरगेकरांच्या हद्दीत,
तर परसातली भिंत वाकवून आडावर आणली,
खाली कमान सोडली, दोन्हीकडं रहाट बसवले.
एका पाण्यात दोन घागरी.
दोर गुंतले की खालून
दोन भाषांतलं हसू वर यायचं, म्हणे.

'कागद?' मी विचारलं.
'कागद कशाला? गवंड्याला माहीत होतं की.'

माळ्यावर चढलो. आढं एकच,
दांडेलीचा सागवान, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड.
मधे कुठं खूण नाही, सांधा नाही.
अर्धं काढायचं तर करवत कुठं टेकायची,
हे कुठल्याच उताऱ्यात नसतं.
उताऱ्यात क्षेत्रफळ असतं.

प्रमिलाबाई खालून सांगत होत्या,
भिंत जाड, पण शिंक आरपार जायची.
तिकडं मास्तर शिंकले की इकडून 'शतायुषी',
इकडं मामंजी शिंकले की तिकडून 'नूरु वर्ष'.
दोघांचे दात पडेतो चालू होतं.
माणसं काही शंभर झाली नाहीत.
घराला तीन कमी आहेत.

मग मी पलीकडं गेलो.
रिकाम्या खोल्या. खिळ्यांच्या जागा.
कॅलेंडरखालचा भिंतीचा मूळ निळा रंग,
तेवढाच चौकोन अजून ओला वाटणारा.
जमिनीवर चुन्याचा भुगा,
कुणी तरी आधीच ठोकून बघितलेलं.
टेपचं टोक कोपऱ्यात दाबलं
आणि जोरात शिंकलो.

पलीकडून, तव्याच्या आवाजातून,
'शतायुषी.'
कोण शिंकलं हे न बघता. बघणार कशी.

थोडा वेळ मी टेप तशीच धरून उभा राहिलो.
मग वही काढली.
चार इंच लिहिले नाहीत असं नाही.
पेन्सिलीनं लिहिले.