राखणदार

परळ, तिसरा मजला, दुपारचे चार.
काचपट्टीवर तांडेलांचं फुफ्फुस,
चिमूटभर, जांभळं.

गाठीभोवती पांढऱ्या पेशींचा गराडा.
मला वाटलं, वेढा घातलाय.
नीट पाहिलं तर
बैठक बसली होती.

गाठ कुजबुजते काहीबाही रसायनांतून,
आणि मारायला आलेलेच
तिला रक्ताचे पाट काढून देतात,
मागून येणाऱ्यांना दारातूनच परतवतात:
आत सगळं ठीक आहे, जा.

तांडेलांना सोपं करून सांगितलं.
शिवडीच्या कापूस गोदामावर
एकतीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस.
खोकले, मग हसले.
"डॉक्टर, चोर भिंत चढून नाही यायचा.
नावानं हाक मारायचा.
चहा आणायचा."

बराच वेळ गप्प.

"साखर किती लागते मला,
पाठ होतं त्याला."