मोजणी

सेगेदच्या इस्पितळाच्या गच्चीवर
एक यंत्र श्वास घेतं,
मिनिटाला दहा लिटर, साधारण माणसाइतकाच.
आत चिकट पट्टी, तासाला दोन मिलिमीटर सरकणारी.
हवेत जे असेल ते येऊन बसतं.

एमोके सकाळी पट्टी कापते,
काचेवर गुलाबी रंगाचा थेंब सोडते
आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.
गवताचे थोडे. चिलाचे दोनचार.
बाकी सगळे हेच, आखूड काट्यांचे गोळे:
पार्लागफू.
शब्दशः पडीक-गवत.
आपल्या गाजरगवताच्या भावकीतलं.

डोळ्यांत तेल घालून मोजायचं काम,
आणि ऑगस्टात तिच्याच डोळ्यांना धार.
एक शिंक आली की रांग चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.

आज एकशे ब्याऐंशी, ती लिहिते.
खाली दरवर्षीची वाक्यं:
सकाळी खिडक्या लावून घ्या.
कपडे बाहेर वाळत घालू नका.
नाकातला फवारा शिंका लागल्यावर नव्हे,
पंधरा दिवस आधीपासून.
निजण्यापूर्वी केस धुवा,
नाहीतर उशीवर रात्रभर शेत झोपतं.
(हे शेवटचं साहेबांनी खोडलं.)

लोरिंत्सचा फोन येतो, तो ट्राम चालवतो.
"बाई, आज किती?"
शिंकताना डोळे मिटतातच,
तेवढ्यात ट्राम किती पुढे जाते
हे त्याने एकदा मोजलंय,
आणि कुणाला सांगितलेलं नाही.
तिला सांगितलं.
ती म्हणाली, गुंगी न आणणारी गोळी मागून घ्या डॉक्टरांकडे,
आणि काळा चष्मा.

खरं तर कणात विष नाही.
शरीरच साप साप म्हणून भुई धोपटतं.
एकदा धोपटायला लागलं
की त्याला दोरीही साप, सुतळीही साप.
कलिंगडसुद्धा.
चाळिशीनंतर पहिल्याच फोडीला
तिची जीभ खाजली, टाळू खाजला,
घशात काहीतरी दाटून आलं.
डॉक्टर म्हणाल्या, दोघांची प्रथिनं सारखी दिसतात,
शरीराला ओळख पटत नाही.
ती हसली.
तिचे वडील देझो, मोराहालोमच्या वाळूत
जन्मभर कलिंगडंच पिकवत होते.

ते गेल्यावर शेत तिघा भावंडांच्या नावावर.
वाटणी नाही, विक्री नाही,
कुणी वखर घातला नाही.
जुलैच्या सुरुवातीला नोटीस आली:
तीस जूनपर्यंत तण कापणं मालकावर बंधनकारक,
आपल्या जमिनीत उभं आहे.
सोबत फोटो.
फोटोतलं तण तिने ओळखलं, इतकं की लाजच वाटली.
बारा वर्षं ती जिचे कण मोजत होती
त्यात आपलेही किती,
हे कुठल्या काचेवर दिसणार?

ती संध्याकाळी गेली.
मुखपट्टी, हातमोजे, पूर्ण बाह्या.
तुरे अजून हिरवे, मिटलेले.
आत्ताच उपटायचं, फुलल्यावर हात लावायचा नाही,
हे तिनेच कितीदा लोकांना लिहिलेलं.
उपटता उपटता कंबर मोडली,
आणि तणाच्या बुडाशी एक वेल निघाला,
कुणी न पेरलेला,
त्याला मुठीएवढं कलिंगड.

हातमोजा काढून
तिने बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं,
बाबा करायचे तसं, कान लावून.
आतून ठक्क आलं. कच्चं.
वेलाभोवतीचं तण तेवढं जपून काढलं,
आणि शेजारच्या बालिंतकाकांना सांगून आली:
पिकलं की तुम्हीच खा.

शेताच्या एका पट्टीनं गच्चीवरचा आकडा हलत नाही,
तिला माहीत आहे.
तिच्या मुठीतल्या मातीतल्या बिया
चाळीस वर्षंही वाट पाहू शकतात.
ती त्रेपन्नची.

ऑगस्टात पुन्हा लिहिते: एकशे एकोणनव्वद.
गेल्या साली याच दिवशी एकशे ब्याऐंशी होते.
खाली तीच वाक्यं.
या वेळी उशीचं वाक्य
तिने साहेब रजेवर असताना टाकलं.