सत्तेचाळिसावी ओळ

रात्री अकरानंतर, तोर्सहाउनच्या धक्क्याला
शेवटची बोट बांधून झाली की माझी पाळी.
बाहेर वारा दोरखंडांना पीळ घालत असतो,
आत मी एक ब्राउझर उघडते, ज्याला तोंडच नाही.
खिडकी नाही, पडदा नाही, तरी पान उघडतं,
आंधळ्यानं बोटांनी चेहरा वाचावा तसं.

सांगते त्याला: उद्याच्या फेरीच्या यादीतल्या
सगळ्या ओळी वेच,
आणि एकेकीपाशी थांबून एवढंच विचार,
खुर्ची मिळाली का?

फंक्शन पाठवणं म्हणजे माणूस पाठवणंच,
फक्त त्याला दारातच खिसे रिकामे करावे लागतात.
मी वरच्या ओळीत लिहून ठेवलेली तारीख,
फेरीचा क्रमांक, सगळं अलीकडेच राहतं.
न्यायचंच असेल तर शिदोरीसारखं
हातात बांधून द्यायचं.
पहिल्या महिन्यात मी विसरायचे.
ते पलीकडे जाऊन बावचळून उभं राहायचं:
तारीख? कोण तारीख? मी नाही ओळखत.

आणि येताना ओळ उचलून आणता येत नाही.
तिचे शब्द येतात, आकडे, हो किंवा नाही.
अख्खी ओळ मागितली तर रिकामा कंस हातावर.
होग्नी म्हणायचा, समुद्राकडून निरोपच यायचे,
समुद्र थोडाच घरी येतो.
मग खारट लिकोरिस दाढेखाली धरून
माझ्या चुका दुरुस्त करत बसायचा.

त्या मंगळवारी सेहेचाळीस यायला हवे होते.
आले सत्तेचाळीस.
मी साध्या ब्राउझरमध्ये पान उघडून
बोट ठेवून मोजले. सेहेचाळीसच.
पुन्हा पाठवलं. सत्तेचाळीस.

शेवटची ओळ झाकलेली होती,
दिसू नये म्हणून एका शब्दाचं पांघरूण घातलेलं.
प्रवासी: दॉन्याल. वय: एक्क्याऐंशी.
ट्वोरॉयरीहून इकडे, एकेरी, खिडकीजवळ.
नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वीचा.
स्थिती: प्रतीक्षेत.

सकाळी होग्नीला फोन लावला.
तो आता सँडॉयवर मेंढ्या पाळतो,
मागे एक मेंढी सारखी बेंबटत होती.
"चाचणीला काहीतरी नाव लागतंच ना," म्हणाला.
मग मेंढीला काहीतरी ओरडला.
"चार दिवस बोटी बंद होत्या गं.
इस्पितळ इकडे, बाबा तिकडे.
पुसून टाक, मोजणी बिघडत असेल तर."

मी पुसली नाही. वेचताना एक अट घातली:
झाकलेल्या ओळी सोडून.
सेहेचाळीस. हिरवी खूण.

पण वादळामुळे फेऱ्या रद्द झाल्या की
अहवाल पाठवून झाल्यावर
एक फंक्शन मी हातानं लिहिते, कुठे जतन न करता,
त्या एकाच ओळीवर चालवायला.
"प्रतीक्षेत" काढून तिथे "पोचले" लिहायचं
आणि वाचून मला परत सांगायचं.
येतं सांगत: पोचले.

हा बदल त्या बिनचेहऱ्याच्या पानापुरताच.
ब्राउझर मिटला की तोही गेला,
सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो.

थोडा वेळ मी ते मिटत नाही.
कॉफी गार होते.