वगळलेली ओळ

शुक्रवारपर्यंत कळवा, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाली.
रक्त जुळलंय, बाकीचंही सगळं जुळलंय,
आता फक्त तुमचं हो किंवा नाही.
मी म्हटलं, विचारून सांगते.
तिला वाटलं, नवऱ्याला.
नवरा जाऊन सहा वर्षं झाली.
मी तुला विचारणार होते.

सोमवारी रात्री कोपऱ्यातल्या तुझ्या तसबिरीपुढे
मधाच्या मेणाची बारीक मेणबत्ती लावून उभी राहिले.
आमच्या काखेतीत तुझ्यापुढे उभंच राहतात,
माझ्या गुडघ्यांना तेच बरं.

बद्री माझा धाकटा भाऊ.
वडिलांमागे अक्रोडाची सात झाडं उरली
आणि सात काही दोघांत सारखी वाटली जात नाहीत.
एवढंच.
एवढ्यावरून त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही,
माझ्या नवऱ्याच्या मयताला तो फाटकापर्यंत आला
आणि तिथूनच वळला.
अकरा वर्षं.
आता त्याला माझं एक मूत्रपिंड हवंय.
त्यानं मागितलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे.
त्याच्या बायकोनं मागितलं, त्याच्या चोरून, हुंदके गिळत.

मी म्हटलं, प्रभू, खूण दे.
मेणबत्ती मधेच विझली तर नाही.
उद्या निशा दिवेलागणीआधी घरी आली तर हो.
मेणबत्ती विझली.
खिडकीची काच फुटकी आहे, मीच विसरले होते.
निशा तर भर दुपारीच हंबरत आली,
अलाझानीकडून गारांचे ढग चढत होते.
गोठ्यात मी एकटीच हसले.
तूही हसला असशील.

बुधवारी फादर इलारिओनकडे गेले.
ते ट्रॅक्टरखाली आडवे, नुसते बूट बाहेर.
त्या बुटांनाच सगळं सांगितलं.
बराच वेळ पाना फिरत राहिला.
मग आतून आवाज आला,
नाझिब्रोला, तू मागतेस आणि लगेच निघून जातेस,
दार ठोठावून पळणाऱ्या पोरांसारखी.
आणि तो बारा नंबरचा पाना दे इकडे.

त्या रात्री पळाले नाही.
तू शिकवलेली प्रार्थना हळूहळू म्हटली,
घेवड्यातले खडे निवडावेत तसा एकेक शब्द.
आणि मधे फट सापडली.
रोजच्या भाकरीवरून मी थेट मोहावर जात होते.
मधली ती देण्याघेण्याची ओळ,
दुसऱ्याचं देणं सोडून देण्याची,
अकरा वर्षं गिळत आले होते,
जिन्याची मोडकी पायरी पाय आपोआप ओलांडतो तशी.

मी मूत्रपिंडाचं विचारत होते.
तू अजून अक्रोडांवरच होतास.

ती ओळ म्हणायला पहाट झाली.
म्हटली तीही अर्धीमुर्धी,
भांड्याच्या तळाला लागलेल्या लापशीसारखी खरवडून.
आकाशवाणी वगैरे झाली नाही.
उजेड पडला तो रोजचाच, कोंबड्याच्या वेळेचा.
भीती होती तिथेच होती:
सुया, पोटावरचा चिरा, निशाची धार कोण काढेल.
पण बरणीचं झाकण घट्ट लावताना कळलं
की मी पिशवी भरतेय.

गोंबोरीच्या घाटात मिनीबस दोनदा थांबली, एकदा मेंढ्यांसाठी.
इस्पितळात कागद पुढे आला.
माझी सही मलाच ओळखू येईना, इतकी वाकडी.

बद्री खिडकीकडे तोंड करून झोपला होता.
पिवळा. वडिलांसारखा टाळूवर विरळ.
मी बरणी उशाशी ठेवली.
त्यानं वळून आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
कुठल्या झाडाचे?
टोकाच्या, मी म्हटलं.
ज्यावरून भांडलो, त्या.

नर्स आली आणि बरणी उचलून घेऊन गेली,
यांना अक्रोड अजिबात चालत नाहीत.

पुढच्या हंगामात चालतील का,
त्यानं विचारलं. तिला, मला नाही.
मी त्याच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.