पहारेकरी

पाचशेला नाव किल्ल्याच्या भिंतीवर,
दोन हजारांत हाती मशाल,
पाच हजार देणाऱ्याचा चेहरा पहारेकऱ्याला.
मी पाच दिले.
परभणीत, स्टेशन रोडला,
मोबाइलच्या फुटक्या काचा बदलतो मी,
माझा चेहरा कुणी मागितला नव्हता कधी.

झुबेर आणि मयंक.
एकाचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष,
दुसऱ्याचं शेवटचं वर्ष तिसऱ्यांदा.
दुकानातच फोटो काढले, समोरून, दोन्ही बाजूंनी,
ठाण्यात काढतात तसे,
आणि पंखा बंद करून आवाज घेतला:
"कोन हाय? दिवा वर धर."

देवगिरीची अंधारी करणार होते.
शत्रू आत शिरतो, फसव्या वाटा, वटवाघळं,
मग उजेडाचा एक तुकडा दिसतो,
तो धावतो, आणि खाली खंदक.
शिवाय घोडे, तोफा, भरलेला बाजार,
शंभर जणांनी एकदम खेळायची सोय.
विचारायचं होतं,
आधी एक खोली तरी केलीय का रे, लेकरांनो?
तेवढ्यात चहा आला.

दोनशे बारा माणसांचे पैसे.
हिशेब त्यांनी लपवला नाही, तेच जास्त लागतं.
एक दणकट कॉम्प्युटर. जाहिरातीचं संगीत.
टी-शर्ट, रंग पहिल्या धुण्यात गेला.
आणि सात महिने,
घोड्याचे पाय जमिनीत रुतू नयेत म्हणून.
खेळ संक्रांतीला येणार होता, मग दिवाळीला,
मग लवकरच, मग काहीच नाही.
झुबेर आता चाकणला गोदामात असतो.
मयंकचा फोन त्याची आई उचलते.

चोर असते तर शिव्या तरी दिल्या असत्या.

त्यांचा जुना लॅपटॉप माझ्याचकडं दुरुस्तीला होता.
केला. न्यायला कुणी आलं नाही.
आत फोल्डर: फायनल. फायनल दोन. खरंच फायनल.
शटर ओढून कधीमधी उघडतो.
दार आहे. दारात मी, मिशी जरा जास्तच काळी,
भाला मनगटातून आरपार गेलेला.
माझ्या मागं करडं, रिकामं,
लांब एक उजेड, विझवायचा राहिलेला.
तिकडं चालत गेलं की पडतो माणूस,
पडतच राहतो.
जमीन करायची राहिली.

पुन्हा दारापासून सुरू.
"कोन हाय?" मी विचारतो.
मी बाण दाबतो.
"दिवा वर धर."

बाहेर गस्तवाला शटरवर काठी आपटतो,
आत कोण आहे?

मीच, म्हणतो. मुंजाजी.