येणे बाकी

झिमखिता मबोबो. स्थापत्य अभियांत्रिकी.
येणे बाकी: एकसष्ट हजार चारशे रँड.
प्रमाणपत्र माझ्या कपाटात,
तिसऱ्या खणात, शिक्क्यासकट.

दर पंचवीस तारखेला ती येते,
मथाथाहून दोन टॅक्स्या बदलून.
मागत नाही. नुसतं बघू द्या, म्हणते.
नियमात बसत नाही, तरी मी
ते काचेला लावून धरतो.
ती नावातली अक्षरं तपासते. परत एकदा.

आज म्हणाली, पुलाच्या कामावर लागलेय.
झेंडा दाखवते. लाल, मग हिरवा.
साहेबांना विचारलं, हा खांब इथेच का?
तर म्हणाले, तू गाड्या थांबव.

बाहेर नव्या सभागृहाची फीत कापत होते.
देणगीदाराचं नाव ग्रॅनाइटमध्ये,
प्रत्येक अक्षर पुरुषभर उंच.
मी पडलो हिशेबनीस, सवयीनं मांडलं:
एका अक्षराच्या खर्चात
माझा अख्खा तिसरा खण रिकामा होतो.

तिनं काचेखालून वीसची नोट सरकवली.
पावती केली. सही केली.
येणे बाकी: एकसष्ट हजार तीनशे ऐंशी.

ती गेल्यावर लक्षात आलं,
सही तिच्या पेनानं केली होती,
आणि ते माझ्याच खिशात राहिलं.