पासंग

रिपोर्ट गुलाबी पाकिटातून आला,
लग्नपत्रिकेसारखा.
मी तो तुपाच्या हातानंच उघडला
आणि कागदावर डाग पडला, पारदर्शक,
त्यातून आतल्या पानावरचा आकडा दिसायला लागला:
एलडीएल एकशे अठ्ठ्याहत्तर.
वृंदा म्हणाली, "बघा, स्वतःहून पुढे आलाय."

शुक्रवार पेठेत आमचं तुपाचं दुकान, अप्पांपासून.
हाताच्या पाठीवर थेंब चोळून मी सांगतो
गाईचं की म्हशीचं,
कढवताना कुणी घाई केली,
कुठल्या डब्यात डालडा घुसलाय.
अंगातलं मात्र कधी वासावरून कळलं नाही.

डॉक्टर केळशीकरांनी वजनकाट्यावर उभं केलं.
आयुष्यभर काट्याच्या अलीकडे बसलेला माणूस मी,
पलीकडे पहिल्यांदाच गेलो.
चौऱ्याऐंशी. "डब्याचं वजन वजा करा," म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
"वडील कितव्या वर्षी गेले?"
एक्कावन्नाव्या.
"आणि तुम्हाला आता कितवं?"
पन्नासावं म्हणताना
जीभ टाळ्याला चिकटली, साय चिकटते तशी.

दोन गोळ्या लिहिल्या, डी आणि बी-बारा.
मला वाटलं सुटलो, गोळीवर भागलं.
"या कमतरतेसाठी. यांनी कोलेस्टेरॉल उतरत नाही.
ते उतरवायला आधी पर्वती चढा.
तीन महिन्यांनी बघू मोठ्या गोळीचं."

म्हणून पहाटे साडेपाचला पर्वती.
पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवर बसलो.
पंचाहत्तरीचे एक गृहस्थ दोनदा वर जाऊन आले,
तिसऱ्यांदा जाताना थांबून म्हणाले,
"कुणाची वाट बघताय का?"

घरात जवसाची चटणी आली, मुगाचं धिरडं,
ज्वारीची भाकरी, तिच्यावर काही नाही.
वरणभातावर चमचा उलटा करून
पाठीला चिकटेल तेवढं तूप. वृंदा मोजते.
मुलगी म्हणते, बाबा, तर्री सोडून मिसळ खा.
तर्री सोडून मिसळ म्हणजे
नाव खरवडलेली पाटी.
आठव्या रविवारी मंडईमागे चोरून खाल्ली.
मी बोललो नाही. शर्टानं सांगितलं.

आणि आठवड्यातून एकदा दुधातून डीची पुडी.
पन्नास वर्षं ऊन दारात फुकट पडलं होतं,
मी आत गादीवर.
आता तेच मेडिकलमधून विकत घेतो, बिलासकट.

तीन महिन्यांत सात किलो.
परवा दुकान बंद करताना
किलोकिलोच्या सात बरण्या फळीवरून काढल्या
आणि दिव्याखाली मांडल्या. पिवळ्या, रवाळ.
एवढं घेऊन मी जिने चढत होतो.
एवढं घेऊन कुशीवर वळत होतो.
अप्पांच्या किती झाल्या असत्या, मोजायला गेलो.
ते याच गादीवर कलंडले, हातात माप होतं,
तूप सांडत राहिलं,
गिऱ्हाईक म्हणत राहिलं,
"अहो, पाव किलोच म्हटलं होतं मी."

जुन्या तराजूला ते पासंग बांधायचे,
शिशाचं छोटं वेटोळं, हलक्या पारड्याखाली.
दर पाडव्याला तपासायचे, गुंजभर फरक चालायचा नाही.
बाकी काही तपासायचं
राहूनच गेलं.

नवा आकडा एकशे अठ्ठेचाळीस.
केळशीकर म्हणाल्या, "उतरलाय, पोचलेला नाही. चालू ठेवा."
चालू आहे.

काल निंबकरकाकू बरणी उघडून म्हणाल्या,
"वाळलात हो. तुम्हीच खात नाही,
मग आम्ही का घ्यायचं?"
मी त्यांच्या मनगटावर थेंब टाकला.
चोळा, म्हटलं. वास घ्या.
आणि अर्धाच किलो न्या.